तीनचाकीचा रिकामा डबा

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ही वही कधी कोणाच्या हाती पडलीच तर त्याने आधी एवढं माफ करावं. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच राहिली नाही. मी आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ मारते आणि मग तिला अक्षरं टांगत जाते. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. शाळेतल्या बाई माझी पाटी वर्गाला दाखवून म्हणायच्या, "ही लिहीत नाही, धुणं वाळत घालते." वर्ग हसायचा. तेव्हापासून मी कोणासमोर लिहिलं नाही. वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा मोरीत बसून लिहिते.

आणखी एक सांगायचं आहे. माझ्या जेठाशी, म्हणजे यांच्या सख्ख्या मोठ्या भावाशी, मी कधी तोंडावर बोललेले नाही. आमच्यात धाकट्याची बायको जेठासमोर पदर पुढे ओढते आणि जे सांगायचं ते जेठाणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगते. जेठ समोर बसलेला असला तरी. इथे मात्र मी त्याला 'तो' लिहिणार आहे. अठ्ठावीस वर्षं मनातल्या मनातसुद्धा अहो-जाहो केलं, आता नाही.

आम्ही खानदेशातले, राहतो सुरतेत, उधन्याला. हे लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात होते आणि मी त्याच गल्लीत दुसऱ्या खात्यात बॉबिन भरते. चार वर्षांपूर्वी सुताने भरलेला बीम, म्हणजे दोघांनी मिळून उचलायचा तो जाड लोखंडी रूळ, यांच्या डाव्या पायावर पडला. पाय राहिला, जोर गेला. बारा तास लूमवर उभं राहणं संपलं. दारात यांची जुनी मोटरसायकल होती. तिच्यावर बसता यायचं, पण थांबताना डावा पाय टेकवता येत नसे. दोनदा पडले. मग मी तिच्यावर प्लास्टिक टाकलं आणि वर दोन विटा ठेवल्या.

तेव्हा जेठाचं भेस्तानचं वेल्डिंगचं शेड जोरात होतं. तो तीनचाकीचे सेट विकायचा. जुनी मोटरसायकल आपली. तो मापाने कापलेले पाइप, मागचा दांडा, दोन चाकं, ब्रेक, पत्रा आणि बोल्ट पोत्यात भरून द्यायचा. आपण घरी मोटरसायकलचं मागचं चाक काढायचं आणि पान्याने हे सगळं तिला जोडायचं. पुढचं चाक, हँडल आणि इंजिन मोटरसायकलचं, मागे दोन चाकांवर छोट्या मोटारीसारखं पत्र्याचं अंग. सौराष्ट्रात छकडे पळतात, त्यांचंच लहान भावंड. पाय टेकायचं काम नाही. बॉबिनच्या पेट्या भरा, साड्यांचे गठ्ठे भरा आणि गल्लीबोळातून न्या.

यांना ती हवी होती. बोलले नाहीत, पण एका सकाळी विटा बाजूला ठेवून मोटरसायकल पुसायला बसले.

सेट दोन तऱ्हेचे होते. साध्या दांड्याचा त्रेचाळीस हजारांना, डब्याचा एकसष्ट हजारांना. डबा कशाला हवा ते त्यानेच समजावलं होतं, यांना, माझ्याकडे पाठ करून. वळताना आतलं चाक कमी फिरायला हवं, बाहेरचं जास्त. दांड्याच्या मध्ये डब्यात दाते असतात, त्यांच्यामुळे दोन्ही चाकं आपापल्या चालीने फिरतात. डबा नसेल तर दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली. मग गाडी भरलेली असली की वळणावर वळायचं सोडून सरळ जायला बघते. मी पदराआडून ऐकत होते. सगळं कळलं. मशीनपाशी उभं राहून माझं आयुष्य गेलंय, कोण कोणाला फिरवतं एवढं मला दिसतं.

मी यांना म्हटलं, डब्याचाच घ्या. तुमचा पाय असा आहे.

एकसष्ट हजार माझे होते, बॉबिनचे, अकरा वर्षांचे. ते मी जेठाणीच्या हातात दिले, कारण जेठाच्या हातात द्यायचे नसतात. तिने बोटाला थुंकी लावून मोजले आणि त्याला दिले. कागद मागितला नाही. घरात कोण कागद मागतं?

पोतं आलं. रोज दुपारी खात्यातून सुटले की मी अंगणात पाना घेऊन बसायची आणि हे खाटेवरून सांगायचे. दांड्याच्या मधोमध काळ्या रंगाचा गोल डबा होता, चारी बाजूंनी वेल्ड केलेला. मी तो तीन वेळा कापडाने पुसला. महिन्याभरात गाडी उभी राहिली. निळं अंग, दोघांपुरती गादी. यांनी पहिली फेरी मला बसवून मारली आणि परत येताना विनाकारण हॉर्न वाजवला.

अठरा दिवस चालली. एकोणिसाव्या दिवशी पेट्या भरलेल्या असताना खाडीच्या पुलाजवळच्या वळणावर यांनी हँडल वळवलं आणि गाडी सरळ गेली. कठड्यावर आपटली. यांच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडी मी दोघा हमालांकडून ढकलवत घरी आणली. काळा डबा फुटला होता. मी आत बोट घातलं. आत दाते नव्हते, काही नव्हतं. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच सरळ दांडा, आणि त्याच्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा गोल वाकवून, वेल्ड करून, काळा रंग दिलेला.

पंधरा दिवसांनी घरात एक साखरपुडा होता. यांचा हात गळ्यात बांधलेला, सगळे विचारणारच. तो मधोमध बसला होता. चारचौघांत तो मुद्दाम घरची अहिराणी बोलतो, म्हणजे खेड्यातला साधा माणूस वाटतो. म्हणाला, "चौथी शिकेल बाई पाना लिसन बठनी, मंग काय व्हई?"

चौथी शिकलेली बाई पाना घेऊन बसली म्हटल्यावर सगळे हसले. यांनी हळूच म्हटलं, "भाऊ, डब्यात काही नव्हतं. आणि पैसे तर..."

"कसाना पैसा?" तो म्हणाला. "भाऊ शे तू मना. सेट फुकट दिना तुले. आते फुकटना सेटमा बी खोट काढस का?"

मग लोक त्याच्याकडे कौतुकाने आणि आमच्याकडे कसंतरी बघायला लागले. मी जेठाणीकडे पाहिलं. जिने थुंकी लावून मोजले होते, ती ताटातली भजी मोजत होती. मी पोटभर जेवले. मला राग आला की भूक लागते. त्या दिवशी वाढणाऱ्याने तीनदा विचारलं, तीनदा घेतलं, आणि प्रत्येक घासाला ठरवलं की हा माणूस माझे एकसष्ट हजार आपल्या हाताने आणून देईल आणि चारचौघांत देईल.

आधी गाडी उभी केली. भंगारातून जुन्या माल-रिक्षाचा दांडा आणला, खऱ्या डब्याचा. दुकानदारासमोर झाकण उघडून दाते बघितले, मगच पैसे दिले. पण त्या दांड्याचं साखळीचं चाक उजव्या बाजूला होतं आणि मोटरसायकलची साखळी डावीकडून येते. मी विचार केला आणि इंजिनच फिरवून बसवलं, म्हणजे साखळी बरोबर समोर आली. मोठी अक्कल केली असं मला वाटलं. यांनी किक मारली, गिअर टाकला आणि गाडी मागे गेली. दुसरा टाकला, जोरात मागे गेली. समोरचा पानवाला ओरडला, "बेन, आ तो ऊंधी चाले छे!" आख्खी चाळ बाहेर आली. गाडी पाण्याच्या पिंपावर जाऊन थांबली.

बातमी भेस्तानला पोचली. त्याने निरोप पाठवला, "म्हणावं, गाडी उलटी चालते तर तुम्ही तोंड फिरवून बसा."

हा निरोप मी नीट घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी खात्यात बॉबिन उलटी लागली होती ती काढून टोकाकडून फिरवून लावली, आणि हात तिथेच थांबला. मशीनला मी हातही लावला नव्हता, फक्त बॉबिन फिरवली होती. घरी आले, इंजिन पूर्वीसारखं सरळ बसवलं आणि मागचा दांडाच उजवीकडचा डावीकडे केला. साखळीचं चाक डावीकडे आलं, इंजिनसमोर. गाडी पुढे गेली. खाडीच्या वळणावर मी स्वतः मागे बसले, पेट्या भरून. रेशमासारखी वळली.

गाडी चालली, आता कशाला, असं हे म्हणाले. मी म्हटलं, गाडी चालली, पैसे कुठे आलेत?

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या गाड्या ओळखायला सोप्या होत्या. सगळ्या निळ्या, मागे काळा डबा. ज्यांनी डब्याचे पैसे भरलेत त्यांच्या गाडीखाली तो लटकलेला दिसायचा. आणि मागच्या चाकांचे टायर कडेने खाल्लेले, कारण वळणावर ती घासत होती. सुट्टीच्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन निघायची. भेस्तान, उधना, खात्यांच्या गल्ल्या. माझ्यासारख्या बाईकडे कोणी बघत नाही. गाडी दिसली आणि मालक चहाला गेला की मी गादीखाली चिठ्ठी ठेवायची. तोंडाने मला एकाशीही बोलता आलं नसतं. चिठ्ठीत असं असायचं:

गाडी गिअरमध्ये टाका. मागची दोन्ही चाकं उचला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या बाजूला फिरलं तर डबा खरा. चाक हललंच नाही तर डबा रिकामा. पैसे परत मागा.

ज्याला वाचता येत नसेल त्याच्यासाठी खाली दोन चाकं काढली होती आणि त्यांना बाण. एका चिठ्ठीला मला अर्धा तास लागायचा. रेघ मारायची, अक्षरं टांगायची. साऱ्या मिळून नऊ लिहिल्या. लिहिताना मला इतकं बरं वाटायचं की शेवटचे तीन दिवस मी एकच चिठ्ठी पुरवून पुरवून लिहिली.

पहिला मालक आठवड्यात शेडवर गेला. दुसरा गेला तो दोन भाऊ घेऊन गेला. त्यांनी शेडच्या दारातच विटांवर गाडी उचलली आणि चाक धरून जेठालाच म्हणाले, आता फिरव. मला हे जेठाणीनेच सांगितलं, फोनवर रडत. मी "अगं बाई" म्हणत होते आणि भाकऱ्या थापत होते. त्या दिवशी भाकऱ्या फार चांगल्या फुगल्या. महिन्याभरात नवे सेट कोणी घेईना. ज्यांचे आगाऊ पैसे आले होते ते परत न्यायला आले.

मग एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला. यांच्या त्या मोडलेल्या खांद्यावर हात ठेवून, भाऊ-भाऊ करत. म्हणाला, कोणीतरी दुश्मन मागे लागलाय. कतारगामच्या त्या दुसऱ्या वेल्डरने माणूस लावलाय. खिशातून चिठ्ठी काढली. "अक्षर देख. दारू पिसन लिखेल शे."

मी गॅसपाशी पाठ करून चहा करत होते. पदर नाकापर्यंत. यांनी चिठ्ठी घेतली, उलटी केली, सरळ केली. वाणसामानाच्या अठ्ठावीस वर्षांच्या चिठ्ठ्या यांनीच दुकानात नेल्या आहेत. माझा चहा उतू गेला.

"सुरत मोठी आहे, भाऊ," हे म्हणाले. "असं लिहिणारे पुष्कळ असतील."

तो चहा पिऊन, साखर कमी आहे म्हणून गेला. हे बराच वेळ पायाला तेल चोळत बसले. मग म्हणाले, "रेघ अधेमधे तोडत जा. फार लांब मारतेस."



जेठाच्या मनाने मात्र घेतलं की आमची देवी कानबाई कोपली. मागच्या श्रावणात त्याने तिचं घाईत उरकलं होतं. आमची कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, मोठ्याच्या घरी, आणि रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, प्रत्येक पुरुषाच्या नावाचे सव्वा मूठ गहू पडावे लागतात. सख्ख्या भावाच्या नावाचे गहू नसतील तर आमच्या भाऊबंदात रोट भाजत नाहीत. रुसलेला असेल त्याला समजावून आणतात, पाया पडून आणतात, पण आणतात. आमच्या घरात पुरुष एकच, हे. सव्वा मूठ. एवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

शुक्रवारी दुपारी त्याच्या अंगणात सगळ्या बायका गहू निवडायला जमल्या. एकेकीने नाव घेऊन मूठ टाकली. माझी पाळी आली. मी रिकामे हात मांडीवर ठेवून बसले. जेठाणी म्हणाली, "टाक ना वं."

मी तिच्याकडे बघून म्हटलं, "ताई, तुमच्या यांना म्हणावं, माझे एकसष्ट हजार."

तो ओट्यावर तीन हात अंतरावर बसला होता. तोही तिच्याकडेच बघून म्हणाला, "तिला म्हणावं, देवाच्या कामात हे काय काढलं? फुकट दिलेल्या वस्तूचे पैसे कसले?"

"ताई, तुमच्या यांना म्हणावं, फुकट दिलं असेल तर रविवारी कानबाईच्या नारळाला हात लावून तसं म्हणतील का? म्हणत असतील तर मी आत्ता घरी जाऊन गहू आणते. आणि यांच्या पाया पडते."

सूप थांबलं. सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या. तो जेठाणीवर खेकसला, "तू काय तोंड बघतेस? तिला सांग!"

"मी काय सांगू?" जेठाणी म्हणाली. "मोजले मी होते. मला नका नारळाला हात लावायला सांगू. मला नातवंडं आहेत."

हे ती साखरपुड्यात बोलली असती तर? पण मी तिच्यावर राग धरला नाही. धरला, पण एकावेळी एकच धरावा म्हणून बाजूला ठेवला.

तो आत निघून गेला. मी चपला घालून घरी आले. रस्त्यात कानबाईची भीती वाटली. तिला मनात म्हटलं, आई, तुझे गहू मी अडवले नाहीत, त्याने अडवलेत.

शनिवारी सकाळी दहाला तो जेठाणीला घेऊन माझ्या दारात आला. पानवाला, चाळ, सगळे बघत होते. रोटांचं दळण संध्याकाळी लागायचं होतं, चक्कीवाल्याने चक्की धुऊन ठेवली होती. जेठाणीने पिशवी दिली. मी उंबऱ्यात बसून मोजले, थुंकी लावून. बावन्न हजार निघाले.

"बाकीचे दिवाळीला," तो तिला म्हणाला.

मी आत गेले. गव्हाची एक मूठ आणून जेठाणीच्या ओच्यात टाकली. मूठ भरून, नाव घेऊन. आणि परत उंबऱ्यात बसले.

"आणि वरचे पाव मूठ?" जेठाणीने विचारलं.

"ते बाकीच्या पैशांबरोबर."

पानवाला मोठ्याने हसला. जेठ लाल झाला, पांढरा झाला. कानबाईला मुठीवर भागत नाही, सव्वा लागते, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. तो गेला. कोणाकडे गेला, काय विकलं, मला ठाऊक नाही आणि मी विचारलं नाही. चारच्या सुमाराला परत आला. नऊ हजार. यावेळी जेठाणीच्या हातात द्यायचं भान त्याला राहिलं नाही, सरळ माझ्यासमोर धरले. मी घेतले नाहीत. त्याने ते तिला दिले, तिने मला. मी मोजले. पूर्ण होते. मी आतून पाव मूठ गहू आणले आणि तिच्या हातात दिले.

तो वळला, मग थांबला. जेठाणीला म्हणाला, "तिच्याकडून लिहून घे. उद्या म्हणेल मिळाले नाहीत."

तोंडाने सांगते, साक्षीला चाळ आहे, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मी कागद घेतला, उंबऱ्यातच बसले, सगळ्यांच्या देखत. हे खाटेवर उठून बसले. मी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारली, अधेमधे न तोडता, आणि तिला सावकाश एकेक अक्षर टांगलं. एकसष्ट हजार रुपये मिळाले. काही बाकी नाही. कागद जेठाणीने घेतला आणि त्याला दिला.

त्याने वाचला. मग वाचायचं थांबून नुसता बघत राहिला. मग खिशात हात घातला, घडी पडलेली ती चिठ्ठी काढली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

मी पदर थोडा मागे घेतला, त्याला नीट दिसावं म्हणून. पैसे माझ्या ओच्यात होते, सगळे.